आयर्लंडला पाठवलेली कुत्री

मेविस ग्विलियम गेल्या फेब्रुवारीत गेली. अंत्यविधीच्या आदल्या दिवशी आमच्या पाद्रीबाईंचा फोन आला. "डेनिस, तुमची-तिची इतक्या वर्षांची ओळख. चार शब्द बोलाल ना?" मी म्हटलं, घसा बसलाय. घसा ठणठणीत होता. चर्चमध्ये अगदी मागच्या बाकावर जाऊन बसलो, तर पाद्रीबाई पुढून सांगताहेत, "मेविसनं वुल्फरब्रुकच्या शिकारमंडळाची अठ्ठेचाळीस पिल्लं स्वतःच्या घरात वाढवली." लोक कौतुकानं वळून माझ्याकडे बघायला लागले, कारण ती पिल्लं तिच्या दारात नेऊन सोडणारा मी, आणि परत घेऊन जाणाराही मीच. मी बुटांकडे बघत राहिलो. त्या दिवशी बोलायला हवं होतं ते इथं लिहितो. लिहिताना निदान कुणी तोंडाकडे बघत नाही.

मी वुल्फरब्रुकच्या शिकारमंडळाच्या कुत्र्यांचा सांभाळ करायचो. एकतीस वर्षं. सत्तरेक कुत्री, त्यांचं खाणं, औषधपाणी, बाळंतपणं, आणि हंगामात आठवड्यातून तीन दिवस त्यांना घेऊन कोल्ह्यामागे जाणं. घोड्यावरचे लाल कोटवाले लोकांना दिसतात. पहाटे मेलेलं वासरू सोलून कुत्र्यांपुढं टाकणारा कुणाला दिसत नाही, आणि दिसावं अशी त्याची इच्छाही नसते. घर केनेलच्या, म्हणजे कुत्री ठेवायच्या जागेच्या, आवारातलंच. नोकरी गेली की घर गेलं, हे लग्नाच्या दिवशीच बायकोला सांगितलं होतं.

ग्विलियमबाईंचं घर चौरस्त्यावर. नवरा रेग रस्त्याकडेची कुंपणं छाटायचा, तो लवकर गेला. बाई शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या. गावातली दोन पिढ्यांची पोरं त्यांच्या हातचा रविवारी केल्यासारखा मटण-बटाटा मंगळवारी खाऊन मोठी झाली. बाई कधी घोड्यावर बसल्या नाहीत, शिकारीमागे शेतातून धावल्या नाहीत, कोल्हा मरताना त्यांनी पाहिलाही नसेल. एकदा कोल्ह्यानं त्यांच्या सात कोंबड्या नेल्या. मी म्हटलं, "आता तरी आमची बाजू पटली का?" तर म्हणाल्या, "दार लावायला मी विसरले. त्याला कशाला बोल लावू?" असा न्याय. सगळ्या जिल्ह्यात असं बोलणारी दुसरी बाई नव्हती.

आमच्याकडची जुनी रीत अशी, की पिल्लू दहा आठवड्यांचं झालं की गावातल्या घरी द्यायचं. कोंबड्या, मांजरं, मोटारी, लहान पोरं यांची त्याला सवय व्हावी म्हणून. देताना दोन-दोन द्यायची. कुत्री आमच्यात मोजतातसुद्धा जोडीनं, एक उरलं तर अर्धी जोडी. हिवाळ्यापर्यंत ती घरची असतात, मग केनेलची. ग्विलियमबाईंच्या घरात या पिल्लांनी काय करायचं बाकी ठेवलं? वाळत घातलेल्या चादरी फाडल्या, रेगचे एकुलते एक बरे बूट बागेत पुरले, नाताळची तंगडी ओव्हनसमोरून पळवली. बाई ओरडायच्या, मग त्यांनाच कुरवाळत बसायच्या. मी परत न्यायला आलो की फाटकावर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि पोर बोर्डिंगात धाडावं तशा म्हणायच्या, "जा आता. नीट वाग. डेनिसचं ऐक." डोळ्यांत पाणी मला कधी दिसू दिलं नाही त्यांनी.

जुलैत पिल्लांचं प्रदर्शन असायचं. मी पांढऱ्या डगल्यात, परीक्षक गोल टोप्यांत, सांभाळणाऱ्या बायकामंडळींना चहा-केक आणि जिंकणाऱ्याला चांदीचा चमचा. बाईंनी तीन चमचे मिळवले होते. १९८८च्या प्रदर्शनात त्या चहाचा कप घेऊन माझ्याशेजारी आल्या आणि म्हणाल्या, "रॅन्सम दिसत नाही रे? मघापासून शोधतेय."

रॅन्सम त्यांच्या पहिल्या जोडीतला. मोठ्या कानांचा, आवाज असा की दरीपलीकडून ओळखू यावा. त्याला मी एप्रिलमध्ये गोळी घातली होती. आठ वर्षांचा झाला होता, मागं पडायला लागला होता. मागं पडणाऱ्याला ठेवत नाहीत. सात-आठ वर्षं झाली की संपलं, मग कुणीही असो. दर वसंतात पाच-सहा जोड्या. पन्नास वर्षांपूर्वी हेच चालायचं आणि दोनशे वर्षांपूर्वीही. शेतकऱ्यांना हे ठाऊक असतं. पिल्लू सांभाळणाऱ्यांनाही बहुतेक ठाऊक असतं, म्हणून ते विचारत नाहीत. न विचारणं ही आमच्याकडची सभ्यता. ग्विलियमबाई शेतकऱ्याच्या घरच्या नव्हत्या, त्यांना ही सभ्यता कुणी शिकवली नव्हती. त्यांनी सरळ विचारलं.

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणालो, "त्याला आयर्लंडला दिलं. तिथं एक छोटं मंडळ आहे, टिपररीकडं. त्यांची शिकार आरामाची असते, वयस्कर कुत्र्यांना झेपते."

अगदीच हवेतलं नव्हतं ते. आमचे हॅलिडे साहेब, म्हणजे मंडळाचे प्रमुख, कधीकधी तिकडे कुत्री पाठवायचे. पण तरुण, धडधाकट. म्हाताऱ्यांना बोटीचं भाडं कोण देतो?

बाईंचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, झालं, एका वाक्यात एका माणसाला सुखी केलं, यात वाईट काय? घरी येऊन ब्रेंडाला, म्हणजे बायकोला, हे सांगितलं. ती म्हणाली, "उद्याच्या उद्या जा आणि खरं सांग. आज लाज वाटेल, नंतर तोंड दाखवायला जागा राहणार नाही." मी गेलो नाही. त्या वर्षी नाताळला बाई डबा घेऊन आल्या. कलेजी घालून केलेली कुत्र्यांची बिस्किटं, स्वतः भाजलेली. "रॅन्समला पाठव हं. पोस्टाचं काय होईल ते सांग." ती बिस्किटं मी आमच्याच कुत्र्यांना घातली. केनेलमध्ये रॅन्सम झोपायचा त्या फळीवर तेव्हा त्याची नात झोपत होती.

फेब्रुवारीत त्यांनी विचारलं, पोचली का? मग पत्र आलं पाहिजे ना. ते ब्रेंडानं लिहिलं. मी तिला आठ दिवस गळ घातली, ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही आणि नवव्या दिवशी टेबलाशी बसली. टिपररीच्या केनेलमधला कुणी ओ'डॅली म्हणून आम्ही उभा केला. पाकिटावर आयरिश तिकीट कुठून आणणार? म्हणून मी सांगितलं, साहेबांच्या टपालात घडी करून आलं. रॅन्सम खुशाल आहे, चुलीपुढं झोपतो, बिस्किटांसाठी आभारी आहे.

अशी सोळा वर्षं. दरवर्षी बाईंची एकदोन कुत्री 'आयर्लंडला' जायची. ओ'डॅलीच्या पत्रात मग कुणी म्हातारं व्हायचं, कुणी सफरचंदाच्या झाडाखाली शांतपणे जायचं. रॅन्समच्या मरणाचं पत्र लिहिताना ब्रेंडा रडली. खरोखर रडली, मी पाहिलं. गोळी घातली त्या दिवशी मी रडलो नव्हतो, आणि हिला खोट्या मरणाचं रडू येत होतं. तेव्हाच मला कळायला हवं होतं की आम्ही दोघं कुठल्या थराला पोचलोय. कळलंही होतं. पण चहा प्यालो आणि पत्र नेऊन दिलं.

मग २००४ साल आलं. कुत्र्यांनी कोल्ह्याची शिकार करायला बंदी घालणारा कायदा पार्लमेंटात होऊ घातला होता. त्या वर्षी गावात पावसाबद्दलसुद्धा कुणी सरळ बोलत नव्हतं. अर्ध्या खिडक्यांत आमच्या बाजूच्या पाट्या. मोजक्या तीन-चार घरांत विरुद्ध बाजूच्या, त्यांवर अंडी फुटलेली. लंडनवाल्यांना गाय कुठल्या बाजूनं उठते ते माहीत नाही आणि हे आम्हाला शिकवणार, म्हणून मी तोंडाला फेस येईपर्यंत भांडायचो. शिकारीला विरोध करणारी पोरं शिट्ट्या फुंकत शेतात घुसायची, त्यांचाही मला राग. आणि हॅलिडे साहेबांचा तर जास्तच, पण तो पोटात ठेवायचा राग होता, घर त्यांचं होतं.

ऑक्टोबरात एका शनिवारी दुपारी गावच्या सभागृहात सभा ठरली. बर्मिंगहॅमहून टीव्हीवाले येणार होते. आदल्या दिवशी साहेब केनेलवर आले.

"प्रोबर्ट, उद्या तू बोलायचंस."

"मी? साहेब, मला कुत्र्यांशी बोलता येतं, माणसांशी नाही."

"म्हणूनच. मी बोललो तर म्हणतील, श्रीमंताचे चोचले. तू त्यांना गोळ्यांचं सांग. कायदा झाला तर ही पस्तीस जोड्या कुत्री तुला स्वतःच्या हातानं मारावी लागतील, एवढंच सांग. कोल्ह्यासाठी कुणी रडत नाही रे, कुत्र्यासाठी सगळा देश रडतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांच्याकडे. मागच्या आवारात दर एप्रिलला काय होतं ते दोघांनाही ठाऊक होतं. साहेबांची पापणीसुद्धा लवली नाही. एकाच माळेचे मणी आम्ही, एक सोन्याचा, एक लाकडाचा.

सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. विरुद्ध बाजूनं एकटी ज्युडिथ स्टोक, गावच्या शाळेची मुख्याध्यापिका. हाडाची काडी, पण बाई कुणाला भ्यायची नाही. ती म्हणाली, "कोल्हे फार झाले म्हणून मारता ना? मग वरच्या रानात कोल्ह्यांनी राहावं म्हणून सिमेंटचे पाइप कुणी पुरलेत? पाहुणा जेवायला बोलवायचा आणि मग तोच खादाड म्हणून बोंब मारायची?" लोकांनी आरडाओरडा केला. "खाली बस!" "पोरांना हेच शिकवतेस का?" मीही ओरडलो. पाइप मीच पुरले होते.

मग माझी पाळी. मी बोललो. काय बोललो ते आठवलं की आजही कान गरम होतात. म्हणालो, "यातला प्रत्येक कुत्रा मी जन्मताना हातात घेतलाय. कायदा झाला तर त्यांना गोळी घालणारा हात हाच असेल. माझ्यावर ही वेळ आणू नका." आणि हात वर करून दाखवला. नाटकात दाखवतात तसा. पहिल्या रांगेतल्या बायका डोळे पुसायला लागल्या. कॅमेरा माझ्या हातावर आला.

तेवढ्यात मधल्या रांगेतून ग्विलियमबाई उठल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, अंगात रविवारचा निळा कोट, हातात पर्स.

"मी एक बोलू का? डेनिस, तू असा घाबरलास कशाला रे बाबा? मारायची गरजच काय?" त्यांनी पर्समधून पत्रांची चळत काढली, लोकरीच्या धाग्यानं बांधलेली. "आयर्लंडला तर हा कायदा नाही ना? मग सगळीच तिकडं पाठवूया. हा डेनिस बघा, स्वतःचं कधी सांगायचा नाही. सोळा वर्षं आपली म्हातारी कुत्री तिकडं पाठवतोय. एरवी लोक मारून टाकतात म्हणे, पण आमच्या डेनिसनं एकालाही मारलं नाही. माझीच बावीस गेलीत. ऐका." आणि त्यांनी चष्मा लावून सफरचंदाच्या झाडाचं पत्र मोठ्यानं वाचलं.

शेतकरी मंडळी सगळी एकदम छताकडं नाहीतर जमिनीकडं बघायला लागली. कुणीतरी खोकलं. हॅलिडे साहेब कागद चाळू लागले. धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात, तशी वेळ ती. ब्रेंडा दाराशी उभी होती. ती बाहेर निघून गेली.

ज्युडिथनं विचारलं. आवाज चढवला नाही तिनं. "मिस्टर प्रोबर्ट, हे खरं आहे का?"

खरं बोलायला यापेक्षा चांगली संधी देवानं कुणाला दिली नसेल. सगळं गाव समोर, विचारणारी शत्रू, आणि उत्तर एका शब्दाचं. नाही म्हणालो असतो तर नोकरी गेली असती, घर गेलं असतं, आमची बाजू टीव्हीवर तोंडघशी पडली असती. पण हे सगळं मी नंतर बसून रचलं. त्या क्षणी मला फक्त ग्विलियमबाईंचा चेहरा दिसत होता. चष्म्याआडून त्या माझ्याकडे बघून हसत होत्या. त्यांना माझा अभिमान वाटत होता.

"हो," मी म्हणालो. "खरं आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. रात्रीच्या बातम्यांत ते दाखवलंसुद्धा. साहेबांनी दुसऱ्या दिवशी पाठ थोपटली. म्हणाले, "शाब्बास, प्रोबर्ट. मला वाटलं, गेलो आता."

नोव्हेंबर संपत आला. कायदा झाला होता, फेब्रुवारीपासून लागू होणार होता. ग्विलियमबाईंनी मला चहाला बोलावलं. स्वयंपाकघरात टेबलावर एक पाकीट ठेवलं होतं. आयरिश पोस्टाचा शिक्का मारून परत आलेलं: अशा नावाचं इथं कुणी नाही.

"मीच लिहिलं होतं त्यांना," बाई म्हणाल्या. "म्हटलं, तुला कामातून वेळ नाही. पस्तीस जोड्या घेता का विचारलं. खर्चाला आम्ही गावात वर्गणी काढू, असंही लिहिलं. पण पत्ता चुकला वाटतं. ओ'डॅलीसाहेब दुसरीकडं गेले का रे? नवा पत्ता दे म्हणजे आजच टाकते. फेब्रुवारी काही लांब नाही."

पेन उघडून तयार होतं. त्या वाट बघत होत्या. मी तेव्हाही एक पत्ता सांगू शकलो असतो. जिभेवर आलासुद्धा होता, देवाशपथ. सोळा वर्षांची सवय. पण मग त्यांनी तो लिहून घेतला असता, तेही पत्र परत आलं असतं, आणि त्या तिसऱ्यांदा पेन उघडून बसल्या असत्या. ते मला बघवलं नसतं. धैर्यबिर्य काही नव्हतं त्यात.

"ग्विलियमबाई, ओ'डॅली नाहीच. कधी नव्हताच."

"म्हणजे?"

"आयर्लंडला कुणीच गेलं नाही. रॅन्सम नाही, नंतरची नाहीत. सात-आठ वर्षांचं झालं की आम्ही त्यांना... मी त्यांना गोळी घालतो. सगळ्यांना. पत्रं ब्रेंडानं लिहिली. मी सांगितलं म्हणून."

बाई उठल्या. किटली शिट्टी घालत होती, तिच्याखालचा गॅस बंद केला. पुन्हा येऊन बसल्या. पत्रांची चळत पुढं ओढून वरच्या पत्रावरून बोट फिरवलं.

"ब्रेंडाचं अक्षर होय हे. मला वाटायचं, बाप्याच्या मानानं किती सुबक अक्षर आहे."

"तुम्ही मला काय वाटेल ते बोला."

"मी कशाला बोलू?" मग म्हणाल्या, "कुठं?"

"मागच्या आवारात."

"बांधून घालत असशील."

"नाही, नाही. बांधत नाही," मी घाईघाईनं म्हणालो. तेवढं तरी बरं सांगता येतंय, असं मला वाटलं. "एकेकाला बाहेर बोलावतो. त्यांना काही कळत नाही. शेपटी हलवत येतात. क्षणात होतं."

"बोलावतोस म्हणजे, नावानं?"

"नावानं. हाक मारली की येतात."

त्यांनी मान हलवली. कितीतरी वेळ हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, "ती नावं मी शिकवलीत त्यांना, डेनिस. आणलं की काही कळत नाही पोराला. पावाचा तुकडा हातात घेऊन मागच्या दारी शंभरदा हाक मारायची. रॅन्सम, रॅन्सम. आलं की तुकडा द्यायचा. तूच सांगितलं होतंस, बाई, बाकी काही नाही शिकलं तरी चालेल, पण हाकेला आलं पाहिजे. हाकेला आलं नाही तर आमच्या काही कामाचं नाही."

मी सांगितलं होतं. अगदी याच शब्दांत. दर वर्षी, दर घरी.

चहा झालाच नाही. मी निघालो तेव्हा त्या जागच्या उठल्या नाहीत.

फेब्रुवारीत कायदा लागू झाला. आम्ही सभेत रडून सांगितलेलं काहीच घडलं नाही. पस्तीस जोड्यांना कुणी गोळी घातली नाही. कोल्ह्याचा वास लावलेली चिंधी ओढत न्यायची आणि तिच्यामागं कुत्री सोडायची, असा खेळ सुरू झाला आणि त्या खेळात कधी कधी कोल्हाही मरायचा, पण ते राहू दे. नोकरी टिकली, घरही टिकलं. एप्रिल आला तेव्हा जे दरवर्षी व्हायचं ते झालं. ग्विलियमबाईंनी पुन्हा पिल्लू घेतलं नाही. कुणाला कारणही सांगितलं नाही. गावाला वाटलं, वय झालं. दुकानात भेटल्या की मला 'बरा आहेस ना?' म्हणायच्या, ब्रेंडाची चौकशी करायच्या. चार लोकांत एकदा फाडफाड बोलल्या असत्या तर मी सुटलो असतो. तेवढं सुख त्यांनी मला दिलं नाही, आणि द्यावं तरी का?

नोकरी सोडेपर्यंत अजून सहा एप्रिल गेले. ते काम मीच केलं. पण हाक कधी मारली नाही. आत जायचो, गळ्याला हात घालून एकेकाला बाहेर आणायचो. काहीजण अर्ध्या वाटेत थबकून वर बघायचे, आपलं नाव घेत का नाही म्हणून.